वाढलेलं वजन कोणाचं?

प्रिय अदिती आणि रोहन,

"हे बाळसं नाही, सूज आहे," असं म्हणून सांगलीच्या डॉक्टरबाईंनी माझ्या नडगीवर अंगठा दाबला. खड्डा पडला तो तसाच राहिला. रक्तदाब फार वाढला होता, लघवीत अल्ब्युमिन, म्हणजे प्रथिन, जात होतं. आजाराचं नाव टॉक्सिमिया. म्हणजे गरोदरपणी रक्तदाब चढतो, अंगात पाणी साठतं आणि आई-बाळ दोघांच्या जिवावर बेततं.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. मला आठवा महिना होता. तुमचे आजोबा शेजारीच उभे होते. इस्लामपूरजवळच्या आमच्या गुऱ्हाळात ते दर आठवड्याला मला गुळाच्या काट्यावर उभं करायचे आणि गड्यांना ऐकवायचे, "बघा रं, आठ दिसांत दोन किलू! आमच्या म्हशीचं दूध हाय!" डोकं ठणकतंय म्हटलं, तर म्हणायचे, "तब्येत सुधारलीया तुजी."

डॉक्टरबाई म्हणाल्या, "आजच दाखल व्हा."

"आवं बाई, धडधाकट बायकूला खाटंवर झोपवली तर गाव काय म्हणंल?"

मी म्हणाले, "तुम्ही जा. मी राहतेय."

बाळंतपणाआधी बारा दिवस तिथे काढले. डाव्या कुशीवर झोपायचं, अळणी जेवायचं. रोज सकाळी नर्स काचेच्या नळीत लघवी तापवून बघायची. ती पांढरी झाली की अल्ब्युमिन अजून जातंय असं समजायचं. तेराव्या दिवशी औषध देऊन कळा आणल्या. तुमची आई जन्मली. पाच पौंडांची, पण आवाज खणखणीत.

आठवड्यात पाणी उतरलं. उरलं ते माझं अंग. घरी आल्यावर याच गृहस्थांनी आपल्या आईला सांगितलं, "लाडू बंद कर आता. म्हस झालीया नुसती."

मी बाळाला पाजत होते. म्हटलं, "काट्यावर मिरवलंत तेव्हा वजन तुमचं होतं. आता माझं आहे, तर त्याचं काय करायचं ते मी ठरवीन."

सासूबाईंनी डिंकाच्या लाडवांचा डबाच माझ्यापुढे सरकवला. "खा गं. त्येनं कवा पाजलंय?"

ते वजन पुढे कधीच पूर्ण उतरलं नाही. त्याच अंगानं मी शाळेत तीस वर्षं इंग्रजी शिकवलं. आजोबांनी दोन-तीन वर्षं टोमणे मारले, मग कंटाळले.

त्या डॉक्टरबाईंची मी जन्माची ऋणी आहे. अदिती, गरोदरपणी चेहरा एकाएकी सुजला, डोळ्यांपुढे काजवे चमकले, तर घरच्यांच्या मताची वाट पाहू नकोस. थेट दवाखाना गाठ. रोहन, बायको भरली की सुकली, यावर शेरा मारू नकोस. रक्तदाब किती आला ते विचार. तुझं मत तिनं मागितलं तरच दे.

तुमची आजी