किल्ली कुणाकडे राहील?

शाळेची बस चालवणाऱ्या या बाईंना मुलं मावशी म्हणत, म्हणून मोठी माणसंही मावशीच म्हणू लागली. गेले काही महिने मात्र मावशी घरीच होत्या आणि नवऱ्याच्या एकट्याच्या कमाईत ओढाताण चालली होती. दुसऱ्या शाळेतून मुलाखतीचं बोलावणं आलं, तेव्हा सासूबाईंनी दारातच बजावलं, "ते विचारतील तेवढंच बोल. उगाच हात दाखवून अवलक्षण नको."

मावशी "बरं" म्हणाल्या. हे 'बरं' काही खरं नाही, हे सासूबाईंनाही ठाऊक होतं.

मुलाखत छान झाली. बसचं काम बघणारे मॅनेजर गोड माणूस. त्यांनी लायसन पाहिलं, आवारात एक फेरी मारायला लावली. गाडी मागे घेताना एकही कुंडी फुटली नाही. शेवटी ते म्हणाले, "तुम्हाला काही विचारायचंय?"

आता याचा अर्थ 'उठा' असा असतो, हे कुणीही सांगेल. शहाणी माणसं "नाही सर" म्हणतात आणि खुर्ची मागे सरकवतात. मावशी खुर्चीत आणखी नीट बसल्या.

"हो. ब्रेक नीट लागत नाहीत म्हणून एखाद्या सकाळी मी बस काढली नाही, तर किल्ली दुसऱ्या ड्रायव्हरला द्याल का?"

"अहो, आमच्या गाड्या वेळच्या वेळी दुरुस्त होतात."

"होत असतील. मी किल्लीचं विचारलं."

मॅनेजरांचा गोडवा जरा पातळ झाला. "आधीच्या ठिकाणी असं काही झालं होतं का?"

झालं होतं. मावशींनी नकार दिला, मालकाने किल्ली दुसऱ्याच्या हातात ठेवली आणि बस गेली. मुलं सुखरूप पोचली. तिथेच तर घोटाळा झाला! काही घडलं असतं तर मावशी शहाण्या ठरल्या असत्या. घडलं नाही, म्हणून भित्र्या ठरल्या आणि कामावरून गेल्या. हे सगळं त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितलं.

"आणि मीही दिली किल्ली, तर?" मॅनेजरांनी विचारलं.

"तर मी बसपुढे उभी राहीन. त्या दिवशी बाजूला झाले होते. बस परत येईपर्यंत जिवाचं नुसतं पाणी पाणी झालं. पुन्हा ते नाही."

मॅनेजरांनी पेनाला टोपण लावलं. मग म्हणाले, "उद्या कळवतो."

"नोकरीचं कळवा न कळवा, किल्लीचं तेवढं कळवा," असं म्हणून मावशी उठल्या. हातातोंडाशी आलेला घास आपणच लोटला, हे काय त्यांना कळत नव्हतं? पण विचारलं ते विचारलं.

घरी सासूबाईंनी चेहरा बघूनच कपाळावर हात मारला.

दुसऱ्या दिवशी दुपारी फोन वाजला. मावशी नुसतं "हो, हो" म्हणाल्या आणि भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. सासूबाईंचा जीव टांगणीला लागला. "अगं, काय म्हणाले?"

"किल्ली दुसऱ्या कुणाला देणार नाही म्हणाले. ते आधी सांगितलं. नोकरी दिल्याचं नंतर."