पेढे आणि चपला

फुटबॉलच्या एका टीमपायी मी चपला सोडल्या. शेगावात, भर श्रावणात. हे लिहितानाही कानशिलं तापतात, पण लिहितो.

टीम आपल्याकडची नव्हेच, पार इंग्लंडातली. कॉलेजात होस्टेलच्या पोरांनी नाद लावला तो लग्न झालं, स्टेशन रोडवर मोबाइलचं दुकान टाकलं, तरी सुटला नाही. गावात क्रिकेटवर बोलायला वाट्टेल तेवढी माणसं. फुटबॉलचं दुःख मात्र एकट्यानंच गिळायचं. आणि यंदाचा सीझन सुरू झाला तो असा की विचारू नका! पहिल्याच मॅचला आमच्या गोलकीपरनं चेंडू सरळ समोरच्याच्या पायात नेऊन दिला, पाहुण्याला चहा द्यावा तसा. पुढच्या मॅचला जिंकत आलेला डाव घालवला. त्याच्या पुढच्या शनिवारी एका नव्या महागड्या खेळाडूनं रिकाम्या गोलवरून चेंडू आभाळात मारला. "अरे, याले घेतलंच कोनं बे!" मी दुकानात एवढ्यांदा ओरडलो की समोरचं गिऱ्हाईक दचकून आपला बिघडलेला मोबाइल घेऊन निघून गेलं.

त्याच संध्याकाळी मंदिरावरून जाताना रागाच्या भरात हात जोडले. महाराज, एक मॅच जिंकू द्या, तोवर पायात चपला घालणार नाही. बोललो ते बोललो. महाराजांपुढे निघालेला शब्द आमच्याकडे मागे घेत नाहीत. आणि नवस फळेपर्यंत तो कशासाठी आहे हे कुणाला सांगायचंही नसतं. लोक अनवाणी पाय बघतात, समजून घेतात, विचारत नाहीत.

नेमकी त्याच आठवड्यात बाबांच्या मानेला गाठ निघाली. डॉक्टरांनी तुकडा काढून तपासायला अकोल्याला पाठवला आणि रिपोर्ट आला की मला फोन करू म्हणाले. एका सकाळी डबा घरीच विसरला म्हणून मी दुकानातून परतलो, तर बाबा कोमट पाण्याचं घमेलं आणि खोबरेल तेल घेऊन ओट्यावर आले. माझे पाय रस्त्यावरच्या गिट्टीनं सोलवटले होते.

"माह्यापायी एवढं काऊन करून राह्यला बापू?" ते म्हणाले.

मी तोंड उघडलं. तेवढ्यात तेच घाईनं म्हणाले, "नोको, नोको सांगू. सांगाचं नसते." मी तोंड मिटलं.

मग ते पानठेल्यावर सांगू लागले, पोरानं माह्यासाठी चपला सोडल्या. लोक माझ्याकडे आदरानं बघायला लागले आणि मला रस्ता बदलून जावंसं वाटायला लागलं. बायकोला खरं माहीत होतं, मोबाइलसमोरचा माझा आरडाओरडा तिनं ऐकला होता. "बाबाले सांगून टाका," ती म्हणाली, "नाही तं त्यांच्यासाठी खरंच नवस बोला." मी हाव हाव म्हणालो आणि दोन्ही केलं नाही. खरं सांगू? त्याच पायांवर दोन नवस टाकले तर टीमचा नवस कच्चा राहील, अशी भीती वाटली. थू माझ्या जिनगानीवर!

या शनिवारी आम्ही जिंकलो. अगदी शेवटी, डोक्यानं मारलेला गोल. मी दुकानात एकटाच नाचलो, काउंटरखालच्या चपला झटकून पायात घातल्या, मंदिरात जाऊन पेढे ठेवले आणि उरलेला पुडा घेऊन घरी निघालो. डोक्यात फक्त तो गोल होता.

बाबा ओट्यावर बसले होते. त्यांनी माझे पाय पाहिले, मग पुडा पाहिला, आणि भिंतीला धरून उभे राहिले.

"आला रिपोर्ट?" त्यांचा हात मानेवर गेला. "साधीच गाठ हाये ना बे? मले वाटलंच होतं!" त्यांनी माझ्या हातातला पुडा घेऊन एक पेढा काढलाही, आणि बायकोला हाक मारली. ती दारात येऊन माझ्या पायांकडे बघत उभी राहिली.

"नाही आला बाबा, अजून," मी म्हणालो.

"मंग चपला?"

आता खोटं बोलायलाही काही उरलं नव्हतं. "फुटबॉलची मॅच होती," मी म्हणालो. "त्याच्यासाठी होता नवस."

बाबांनी हातातल्या पेढ्याकडे पाहिलं. रागावले असते, दोन शिव्या घातल्या असत्या, तर मी वाचलो असतो.

"जिंकले काय मंग?" त्यांनी विचारलं.

"हाव."

"बरं झालं." त्यांनी पेढा पुन्हा पुड्यात ठेवला. "आता चपला काढू नोको. पाय फुटले तुये."

आणि भिंतीला धरून आत गेले.

मी चपला तिथंच ओट्याखाली सोडल्या. रिपोर्ट अजून यायचा आहे. रोज अनवाणीच दुकानात जातो, आणि बाबा आता माझ्या पायांकडे बघत नाहीत.