सर्वग्रह परिचय, सुधारित आवृत्ती

माझ्या बाबांनी उभ्या आयुष्यात कुणाला 'माहीत नाही' असं उत्तर दिलेलं मी ऐकलं नव्हतं. मूळचे नागपूरचे, पण नोकरीची सगळी वर्षं दिल्लीत गेली, एका सरकारी अतिथिगृहाच्या स्वागतकक्षात. गावाकडून मुलाखतीला, कोर्टकचेरीला, नुसतीच दिल्ली बघायला आलेली माणसं स्टेशनवरून थेट त्यांच्या टेबलापुढे उभी राहायची. ही बस कुठे जाते, ते ऑफिस किती वाजता उघडतं, जवळ जेवण कुठे चांगलं मिळतं. बाबा चष्मा वर सरकवायचे आणि रेडिओवरच्या बातम्यांच्या आवाजात सांगायचे. सांगितलेलं बहुतेक वेळा चूक असायचं.

"एवढ्या लांबून माणूस येतो, त्याला कोरडं कसं पाठवायचं?" असं त्यांचं म्हणणं. आल्यागेल्याला पाणी विचारावं तसं ते उत्तर द्यायचे. एका शाळेच्या सहलीला त्यांनी कुतुबमिनारात लिफ्ट असल्याचं सांगितलं, फक्त दुपारी बंद असते. कोपर्निकस मार्ग ज्याच्या नावाचा, तो इंग्रजांच्या काळात रस्ते खात्यात इंजिनीयर होता, हेही त्यांनीच ठरवलं. तक्रार घेऊन मात्र कधी कुणी आलं नाही. उलट बाबांनी भलत्याच बसमध्ये बसवून दिलेले एक गृहस्थ कुठल्याशा तळ्याकाठी दिवस काढून आले आणि जाताना संत्रा बर्फीचा डबा ठेवून गेले. दिल्लीत इतकी निवांत जागा असेल असं वाटलं नव्हतं, म्हणाले. झालं, बाबांचा स्वतःवरचा विश्वास आणखी पक्का झाला.

ते निवृत्त झाले तोवर आई गेली होती. मी आणि माझ्या नवऱ्याने दिल्लीच्याच टोकाला, द्वारकेत फ्लॅट घेतला होता, तिथे बाबांना घेऊन आलो. (नागपूरच्या आत्याला बरेच दिवस वाटत होतं की आम्ही गुजरातला गेलो.) तेव्हाची द्वारका म्हणजे अर्ध्या सोसायट्या आणि अर्धी कीकरची, म्हणजे बाभळीची, झुडपं. मेट्रोचे खांब उभे राहिले होते, वर गाडी नव्हती. डोक्यावरून विमानं इतकी खालून जायची की वाळत घातलेले कपडे हलायचे. आणि सेक्टर कुणी पिशवीतून ओतल्यासारखे पडलेले. एकाच्या शेजारी त्याच्या पुढचा आकडा असेलच असं नाही. नवरा पहाटे मानेसरच्या कारखान्याची बस पकडायचा, मी गुडगावच्या ऑफिसला जायचे. बाबा इस्त्रीचा शर्ट घालून, खिशाला पेन लावून सोसायटीच्या गेटपाशी जाऊन उभे राहायचे.

पण विचारणारे गार्डला विचारायचे. गार्डला सगळं ठाऊक होतं, टँकर कधी येतो, प्लंबर कुठे भेटतो, कुठला रस्ता पुढे खणून ठेवलाय. त्याच्या शेजारी इस्त्रीच्या शर्टातल्या माणसाकडे कुणी ढुंकूनही बघत नव्हतं. महिन्याभरात बाबांची दुसरी पोळी बंद झाली. मग एकदा जेवताना म्हणाले, "मी नागपूरले जाऊन राहतो. भावाकडे मागची खोली आहे."

"का? इथे काय कमी आहे?"

"इथे मला कोण विचारतं?"

मी भांडले, रुसले, त्यांच्या ब्लडप्रेशरचा धाक दाखवला. ते जायला मला नको होते, इतकं साधं होतं. आई गेल्यापासून घरात माझ्या लहानपणाबद्दल बोलणारं दुसरं कुणी उरलं नव्हतं, मग ते चुकीचं का बोलेनात. शेवटी कशीबशी मुदत मिळाली. आमच्या भागातल्या मराठी मंडळाचं स्नेहसंमेलन जवळ आलं होतं. "ते झालं की दुसऱ्या दिवशीच्या गाडीनं जातो," असं म्हणून त्यांनी तिकीटही काढून आणलं आणि ते फ्रिजवर चुंबकाखाली लावून ठेवलं.

त्या संमेलनासाठी नाटिका लिहायचं काम मंडळाने माझ्या गळ्यात मारलं होतं. मी विज्ञानकथा निवडली. त्यामागे काही थोर विचार नव्हता. नवऱ्याच्या कारखान्यातून पॅकिंगचा चंदेरी कागद आणि मोठाले खोके हवे तितके मिळत होते, एवढंच.

गोष्ट अशी होती. आकाशगंगेच्या टोकाला नवी वसाहत होतेय. एका कॅप्टनला आणि त्याच्या बायकोला तिथल्या कुठल्याशा ग्रहावर फ्लॅट लागलाय, आणि ते यान घेऊन घर शोधायला निघालेत. यानात 'सर्वग्रह परिचय' नावाचा जाडजूड संदर्भग्रंथ आहे. तो बोलतो, न विचारताही बोलतो, आणि धडधडीत खोटं बोलतो. त्यातल्या नोंदी लिहिताना मला एका माणसाचा आवाज सतत ऐकू येत होता, हे सांगायला नकोच. 'कृष्णविवर: प्रवेश सर्वांना खुला. बाहेर पडण्याची सोय विचाराधीन.' 'मंगळ: हवा उत्तम. पाणी सकाळी, येईल तितके.' 'धूमकेतू: मागच्या बाजूने चढावे. सुटे पैसे जवळ ठेवावेत.' लिहिता लिहिता मीच एकटी खिदळत होते.

एका रविवारी उठून बघते तर जेवणाच्या टेबलावर माझी संहिता लाल पेनाने रंगलेली. बाबा समोर चहा पीत बसले होते.

"काय लिहून ठेवलं हे? संदर्भग्रंथ आहे ना हा?"

"बाबा, तो चुकीचाच आहे. तोच तर विनोद आहे."

"लोक विश्वासानं उघडतात असं पुस्तक. त्यात चुका पाहून माणूस हसन का?"

त्यांनी चुका दुरुस्त केल्या होत्या. अख्ख्या संहितेत एकच ओळ माझ्याकडून चुकून खरी लिहिली गेली होती, मंगळाला दोन चंद्र आहेत ही. बाबांनी ती खोडून वर लिहिलं होतं, 'तीन. पैकी एक दुरुस्तीला.' कृष्णविवरापुढे 'सोमवारी बंद'. शुक्रावर मुक्कामाची उत्तम सोय, मात्र आधी पत्र पाठवावे. मी कपाळावर हात मारला आणि मग पुन्हा एकदा वाचलं. माझ्यापेक्षा ते किती तरी सरस होतं. मला थोडा रागच आला त्याचा. त्याच संध्याकाळी मी मंडळाला कळवून टाकलं की ग्रंथाचं काम बाबा करतील.

तालमी सोसायटीच्या बेसमेंटमध्ये व्हायच्या. कॅप्टन होता पुण्याचा, एका सॉफ्टवेअर कंपनीतला तरुण, स्वतःच्या उच्चारांवर भारी खूश. त्याची बायको झालेल्या बाई आमच्या वरच्या मजल्यावरच्या, मूळच्या मुंबईच्या. ग्रंथ म्हणजे कारखान्यातून आणलेलं माणूसभर उंच खोकं, पुढे पुठ्ठ्याचं कव्हर, आत खुर्ची आणि आवाजासाठी एक खिडकी. बाबा आत बसले की जो तो त्यांना संहितेबाहेरचं विचारायचा.

"काका, प्लूटोवर पार्किंग मिळतं का?"

"मिळतं. पण सावलीतलं आधीच भरलेलं असते."

बेसमेंट हसून हसून लोळायचं. घरी येऊन बाबा दुसरी पोळी घ्यायला लागले. मी फ्रिजवरच्या तिकिटाकडे बघायचे आणि काही बोलायचे नाही, उगाच नजर लागायला नको.

शेवटच्या तालमीला मधल्या वेळात चहा आला. मुंबईच्या बाई कॅप्टनला म्हणाल्या, "काकांना काहीही विचार यार, बिनधास्त ठोकून देतात! एक अक्षर खरं नसतं. इतना मज़ा आता है ना!" त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. पण बाबा चहाला बाहेर आले नव्हते. ते खोक्यातच होते. मी खिडकीकडे पाहिलं, आत काही हललं नाही. त्या रात्री त्यांनी पहिली पोळीही अर्धीच खाल्ली, आणि सकाळी बघते तर पलंगाखालची सुटकेस वर आलेली.

संमेलन सोसायटीच्या लॉनवर होतं, मांडव घालून. पडदा उघडला आणि माझ्या लक्षात आलं की कव्हर चिकटवणाऱ्या माझ्या नवऱ्याने खोकं उलटं उभं केलंय. वर दाखवणारे बाण सगळे जमिनीकडे आणि बाजूला ठसठशीत इंग्रजी शिक्का, 'फ्रॅजाइल'. प्रेक्षकांनी तिथेच पहिली टाळी दिली. मग दर थोड्या वेळाने विमान जायचं, सगळ्यांचे संवाद बुडायचे. दुसऱ्यांदा तसं झालं तेव्हा खोक्यातून बाबांचा आवाज आला, "शेजारचं यान. त्यांना हॉर्न वाजवायची सवय आहे." हे संहितेत नव्हतं. मी विंगेत प्रॉम्प्टिंगला उभी होते, जरा जीव भांड्यात पडला.

शेवटच्या प्रवेशात इंधन संपत आलेलं असतं. कॅप्टन ग्रंथापुढे हात जोडून विचारतो, "हे ग्रंथराज, आता तरी सांगा, आमचं घर कुठे आहे?" यावर ग्रंथाने म्हणायचं होतं, दुसऱ्या वळणावर डावीकडे, दुधाच्या बूथच्या मागे. मग ते भलत्याच ग्रहावर उतरतात आणि तिथेच सुखाने राहतात.

कॅप्टनने विचारलं. खोकं गप्प.

"दुसऱ्या वळणावर," मी कुजबुजले. काही नाही. "बाबा, डावीकडे! दुधाचं बूथ!" पहिल्या रांगेतल्यांनासुद्धा ते ऐकू गेलं असणार. कॅप्टनने घाईघाईने प्रश्न पुन्हा विचारला.

"माहीत नाही," बाबा म्हणाले.

मांडव फुटेल असा हशा झाला. इतकं खोटं बोलणारं पुस्तक शेवटी हात वर करतं, लोकांना वाटलं काय झकास शेवट केलाय! मी मात्र विंगेतल्या बांबूला धरून उभी राहिले. हा शब्द त्या आवाजात मी कधी ऐकलाच नव्हता. हशा ओसरायच्या आत खिडकीतून पुढचं आलं, बातम्यांच्या आवाजात नव्हे, आमच्या घरातल्या आवाजात. "मी पण इथे नवीनच आहे. मला इथलं काहीच माहीत नाही."

लोक हळूहळू हसायचे थांबले. कॅप्टनच्या सगळ्या स्वच्छ उच्चारांनी त्याला ऐन वेळी दगा दिला. पुढे झाल्या त्या मुंबईच्या बाई. त्यांना काय कळलं, किती कळलं, मला माहीत नाही. त्यांचा चेहरा लालबुंद झाला होता. त्यांनी खोक्याचं कव्हर उघडलं आणि आत हात दिला. "मग बाहेर या ना काका. आम्हालाही माहीत नाही. मिळून शोधू."

बाबा बाहेर आले. केसांना चंदेरी कागद चिकटलेला, खिशाला पेन. तेवढ्यात मांडवावरून विमान गेलं. त्यांनी मान वर करून ते दिसेनासं होईपर्यंत पाहिलं, चष्मा सरकवला आणि ठणठणीत आवाजात सांगितलं, "हे नागपूरचं." टाळ्या थांबेचनात. पडदा ओढायचं काम माझं होतं. मी रडत होते, त्यामुळे तो अर्ध्यातच अडकला.

सकाळी सुटकेस दाराशी आणून ठेवलेली होती. गाडी दुपारची. मी पोळ्यांचा डबा भरत होते आणि डोळे पुसत होते, तेवढ्यात खालून हॉर्न वाजला. बाल्कनीतून पाहिलं तर गेटपाशी घरसामानाने भरलेला टेम्पो, वर बांधलेली सायकल, आत दाटीवाटीने बसलेलं एक कुटुंब. गार्ड टँकरचा पाइप लावायला मागे गेला होता. गेटवर फक्त बाबा. ड्रायव्हरने पत्त्याचा कागद पुढे केला.

बाबांचा हात उठला, नेहमीसारखा, सरळ आणि मग डावीकडे दाखवणारा. तो तसाच हवेत थांबला आणि खाली आला.

"मालूम नहीं, भाई," ते म्हणाले. "मैं भी नया हूँ. चलो, देखते हैं." आणि माझ्या डोळ्यांदेखत ते ड्रायव्हरच्या शेजारी चढून बसले. टेम्पो गेला.

अकरा वाजले, बारा वाजले. नवऱ्याला सुट्टी होती, तो स्कूटर घेऊन दोन सेक्टर पालथे घालून आला. गाडीची वेळ टळली. मी जिन्यात येरझारा घालत होते, रागाने आणि काळजीने, तेव्हा बाबा चालत आले. बूट धुळीने पांढरे, शर्टाची इस्त्री पार मोडलेली, कपाळावर घाम.

"बाबा! गाडी गेली तुमची!"

"कोणती गाडी?" ते म्हणाले आणि सरळ हात धुवायला गेले.

"सापडलं का त्यांचं घर?"

"सापडलं. माणसं चांगली आहेत, अमरावतीची निघाली." ते टेबलाशी बसले, चष्मा वर सरकवला, आणि आवाज बातम्यांचा झाला. "पण ज्याला हे लोक सेक्टर सहा म्हणून राहिले ना, तो सहा नाहीच. पाटी चुकीची लावलेली आहे. मी सगळ्यांना सांगून आलो. उद्या बाकीचे पाहून येतो."

मग ताटातली पहिली पोळी संपायच्या आतच त्यांनी दुसरी मागितली.