दाणेदार लाल

सदाशिव पेठेतल्या आमच्या इमारतीत अजूनही काही जण म्हणतात, काकूंचं विणकाम सुरेख, पण त्यांना रंगांचं काही कळत नाही. हे मी पसरवलेलं आहे, आणि ते खोटं आहे.

माझी बायको गळपट्टे विणते. मफलरसारखे लांब नव्हेत. दोन्ही टोकं जोडलेले, डोक्यावरून गळ्यात घालायचे आणि थंडीत स्कूटरवर निघताना नाकापर्यंत ओढून घ्यायचे. काही वर्षांपूर्वी वरच्या मजल्यावरच्या बाई एका प्रदर्शनात टेबल घेणार होत्या. तिथे ठेवायला म्हणून त्या गळपट्टे बघायला आल्या. मी चहा पीत होतो. कुणी विचारलं नव्हतं, तरी म्हणालो, "यात रंग आहेत कुठे? सगळा चिखल!"

मी जन्मभर नकाशे काढलेला माणूस, त्यामुळे माझ्या शब्दाला वजन. "काकाच म्हणतात तर..." असं काहीतरी पुटपुटत बाई निघून गेल्या, आणि माझं वाक्य इमारतभर झालं. त्यानंतर बायकोने राखाडी आणि पांढऱ्याशिवाय लोकर आणली नाही.

खरं असं, की मला लाल आणि हिरवा वेगळे दिसत नाहीत. नोकरीच्या वैद्यकीय तपासणीत ते कळलं होतं. नकाशे काळ्या शाईचे, म्हणून निभावलं. घरी सांगायची लाज वाटली, मग न सांगण्याची सवयच झाली.

गेल्या हिवाळ्यात तिने माझ्या मांडीवर एक नवा गळपट्टा टाकला. निळा-पिवळा सोडला तर बाकीचा मला पूर्वीसारखाच मातकट दिसला. या वेळी गप्प बसलो.

"बघू नका. डोळे मिटा आणि हात फिरवा."

बोटांखाली साबुदाण्यासारखे दाणे लागले. "हा लाल," ती म्हणाली. मग एकदम उभ्या सऱ्या. "हिरवा." पुढे गुळगुळीत निळा, त्यापुढे वेणीसारखा पीळ घेतलेला पिवळा, आणि फिरून पुन्हा दाणे. प्रत्येक रंगाला तिने वेगळी वीण दिली होती. लाल कुठे संपतो आणि हिरवा कुठे सुरू होतो, हे सत्तरी उलटल्यावर मला पहिल्यांदा कळलं. दाणे संपून सऱ्या लागतात त्या जागेवरून माझं बोट निघेना. लोकांना हे रोज नुसतं डोळ्यांनी दिसतं!

"तुला कधीपासून माहीत?"

"लग्न झाल्यापासून मंडईतून हिरवे टोमॅटो आणताय. चटण्या करून करून दमले मी."

"मग त्या दिवशी बाईंसमोर बोलली का नाहीस?"

"त्यांच्यासमोर तुमची लाज काढू?"

म्हणजे माझी लाज झाकायला तिने स्वतःचं नाव जाऊ दिलं होतं.

गळपट्टा घेऊन मी तसाच वर गेलो. बाईंना सगळं सांगितलं.

"अहो काका, मग तेव्हा..."

"तेव्हा मला दिसत नव्हतं. आजही दिसत नाही. तुम्ही बघा."

त्यांनी तो खिडकीशी नेला. उजेडात उलटसुलट करून पाहिला. मग म्हणाल्या, "अय्या, काय लाल आहे हा!"

बाईंना सांगून झालं. उरलेल्यांसाठी हे लिहितो आहे.

काल तिने नवी लोकर आणली. गुंडा करायला लडी माझ्या दोन्ही हातांत अडकवली.

"रंग कुठला?" मी विचारलं.

"हात ताठ धरा. विणून झाला की कळेल."