आईला बसता येईल अशी गाडी

आमच्या घरात बायकांच्या वस्तू पुरुष निवडत. मिक्सर कोणता, चष्म्याची फ्रेम कोणती, लुगड्याचा काठ केवढा, सगळं तेच ठरवत. वापरायचं बायकांनी, आणि वस्तू मोडली तर तीही बायकांनीच मोडलेली असायची. त्यामुळे मी माझ्या पगारातून स्कूटर घ्यायचं ठरवल्यावर ती बघायला अण्णा, दादा आणि शेजारचे काका असे तिघे निघाले, याचं मला नवल वाटायला नको होतं. राग मात्र आला. तो अजून गेलेला नाही, हे आधीच सांगून टाकते.

आम्ही बनारसच्या ब्रह्मा घाटावरचे मराठी लोक. अण्णा, म्हणजे माझे वडील, वेदपाठी. दादा सरकारी कचेरीत. मी मुलींच्या शाळेत शिकवत होते, लग्न झालेलं नव्हतं, त्यामुळे पगार घरात यायचा पण मताला जागा नव्हती. नव्वदच्या दशकातली ही गोष्ट. गाडी मला स्वतःसाठी नको होती, शाळेत मी टेम्पोने जातच होते. गाडी आईसाठी हवी होती.

आईची धाकटी बहीण शहराच्या दुसऱ्या टोकाला, लंका नावाच्या मोहल्ल्यात राहायची. दोघी बहिणी लग्न होऊन काशीत आल्या, एकमेकींचं घर हेच काय ते दोघींचं माहेर. मावशीला अर्धांगाचा झटका आला आणि तिची वाचा गेली. माणूस ओळखते, डोळ्यांनी बोलते, असं तिच्याकडून येणारे सांगायचे. आईला तिच्याकडे जायचं होतं, पण आईची कंबर गेलेली. घरापासून मोठ्या रस्त्यापर्यंत गल्लीतून पायी जायचं, मग रिक्षाच्या उंच सीटवर चढायचं, मग प्रत्येक खड्ड्याला कळ सोसायची. शेवटची गेली तेव्हा परत येऊन आठवडाभर उठली नव्हती. त्यानंतर तिचं जाणं बंदच झालं. संध्याकाळी देवापाशी दिवा लावला की ती म्हणायची, "आज तिला कोणी भरवलं असेल?"

माझ्या शाळेतल्या एका हिंदी शिकवणाऱ्या बाईंकडे छोटी, बिनगिअरची गाडी होती. सीट बुटकी, वजन एवढं कमी की गल्लीत बैल आडवा बसला तर गाडी हाताने उचलून वळवता यायची. एका दुपारी पुरुष मंडळी यजमानांकडे जेवायला गेलेली असताना मी ती मागून घेतली आणि आमच्या घराच्या चौकात आणून स्टँडवर लावली. आई बाहेर आली. तिने गाडीभोवती एक चक्कर मारली, पदर खोचला आणि पाय पलीकडे टाकून सरळ बसली. नऊवारीचा कासोटा कशासाठी असतो ते मला त्या दिवशी कळलं. दोन्हीकडे पाय टेकले, पाठ ताठ राहिली, कंबरेला पीळच पडला नाही.

"अगं, दुखतच नाही," ती म्हणाली. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून, "आता बंद कशाला उभी केलीस? चालव की."

मी तिला गल्लीच्या तोंडापर्यंत नेऊन आणलं. वाटेत एक सांड उभा होता, त्याला ती मागून म्हणाली, "सरक रे बाबा, आम्हाला फुरसत नाही." तिला हसताना मी खूप दिवसांनी ऐकलं. गाडी हीच घ्यायची, हे त्याच वेळी माझ्यापुरतं ठरलं.

दुकानात तिघे गेले ते मुलगी बघायला जावं तसे. काकांनी आयुष्यात सायकलसुद्धा चालवली नव्हती, पण उंटावरून शेळ्या हाकायला सायकल यावी लागत नाही. त्यांनी इंजिनापाशी वाकून "आवाज कैसा है?" वगैरे विचारलं. दुकानदार चतुर होता. मी छोट्या गाडीपाशी उभी होते आणि तो बोलत अण्णांशी होता.

"माताजी के लिए है? तब तो बड़ी वाली लीजिए, पंडितजी. बगल में पावदान है, साड़ी गार्ड है. माताजी इज्जत से एक तरफ बैठेंगी."

इज्जत हा शब्द त्याने टाकला आणि काम झालं. छोट्या गाडीला बाजूचं पावदान नव्हतं. मागच्याने दोन्हीकडे पाय टाकूनच बसायचं, अशीच ती केलेली होती.

मी म्हटलं, "अण्णा, आई तशीच बसेल. तिला तसंच बरं वाटतं. एका बाजूला बसली की कंबर पिळवटते."

दादाने इकडे तिकडे पाहिलं, कोणी ऐकलं की काय म्हणून. अण्णा हळू आवाजात म्हणाले, "तुला कसं माहीत, कसं बरं वाटतं ते?"

मी सांगितलं. दुपारची फेरी, सांड, सगळं सांगितलं. वाटलं होतं, ऐकून त्यांना बरं वाटेल.

"पोटऱ्या दिसतात," अण्णा म्हणाले. "पूर्ण मोहल्ला बघेल. वेदपाठ्याच्या घरची बाई पुरुषासारखी टांग टाकून निघाली म्हणतील."

आता हे कोण म्हणत होतं? ज्यांच्या बैठकीत घोड्यावर बसलेल्या राणीचं चित्र होतं. तिचा जन्म याच शहरातला, म्हणून अण्णांना तिचा फार अभिमान. उत्तरेकडचा कोणी पाहुणा आला की ते त्याला चित्रापाशी नेऊन सांगायचे, आमच्या बायका कासोटा घालून घोड्यावर मांड टाकत, तुमच्यासारख्या घुंघटात बसत नसत. मी तेच त्यांना ऐकवलं. म्हटलं, राणी एका बाजूला पाय सोडून बसली होती का?

"ती राणी होती," अण्णा म्हणाले. "तुझी आई गृहस्थाची बायको आहे. जिद करू नकोस."

घोडा चित्रात असला की अभिमान वाटतो, दारात आला की लाज वाटते. पगार माझा, गाडी माझ्या नावावर, आणि घरी आली ती मोठी, गिअरवाली, पावदान आणि साडी गार्ड असलेली, निळ्या रंगाची स्कूटर. निळा रंग काकांनी निवडला.

त्या गाडीचं वजन मला पेलायचं नाही. मागे कोणी एका बाजूला बसलं की ती तिकडेच कलायची. आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावर तर ती एका दमात वळायचीच नाही, मागेपुढे करावी लागायची, आणि तेवढ्या वेळात मागून "बगल! बगल!", बाजूला व्हा, असा ओरडा सुरू. मी दोनदा पडता पडता वाचले, तेव्हा दादा म्हणाला, "तू छोड दे. आईला मी नेईन." आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो असा. दुसऱ्या दिवसापासून दादा स्कूटरवरून कचेरीत जायला लागला.

आईला न्यायचं तेवढं राहून जायचं. रविवारी मॅच असायची, नाहीतर मित्राकडे मुंज, नाहीतर नुसतंच "अगले हफ्ते देख लेंगे". दादा वाईट नव्हता. त्याला आईची माया होती, फक्त फुरसत नव्हती. वाईट माणसावर निदान रागावता तरी येतं.

शेवटी एका रविवारी नेलं. आई नवं लुगडं नेसून, मावशीसाठी मऊ गुरगुट्या भात डब्यात घेऊन, एका बाजूला पाय ठेवून इज्जतीने बसली. मोठ्या रस्त्यापर्यंत गेले असतील. खड्ड्यात गाडी आदळली आणि आईच्या कंबरेत अशी कळ गेली की तिथूनच तिला परत आणलं. डब्यातला भात मी रात्री गाईला घातला. आई भिंतीकडे तोंड करून पडली होती, आणि बाहेर बैठकीत तिघांनी निकाल लावला की या वयात बाईला स्कूटर झेपत नाही. गाडी चुकली असं कोणाच्या मनात आलं नाही. मी म्हणाले, छोटी गाडी. अण्णा म्हणाले, "पुन्हा तेच?" मी आईकडे गेले. आई म्हणाली, "जाऊ दे. घरात कटकट नको. बरी झाले की बघू."

ती बरी होऊन हिंडूफिरू लागेपर्यंत थंडी संपत आली, आणि एका सकाळी लंकेहून निरोप आला की मावशी गेली.

मी शाळेत होते. शेजारच्या मुलाने येऊन सांगितलं, तशी निघाले; घरी पोचले तर आई घराच्या चौकात उभी. अण्णा आणि दादा स्कूटरवरून केव्हाच निघून गेले होते. आईसाठी घेतलेल्या गाडीवर अण्णा धोतर नेसून, दोन्हीकडे पाय टाकून बसले होते, हे मला नंतर शेजारणीने सांगितलं. तिला त्यात काहीच वेगळं वाटलं नव्हतं.

"तू येऊन काय करणार, तुझी कंबर, म्हणाले," आई मला म्हणाली. "दहाव्याला जाऊ म्हणाले." रडत नव्हती. तिने पदर खोचला होता. "तुझ्या त्या बाईंची गाडी मिळेल का?"

मी टेम्पो पकडून तशीच शाळेत परत गेले. त्या बाईंनी वर्गातून बाहेर येऊन किल्ली दिली, "ले जाइए दीदी, शाम तक रखिए" म्हणाल्या, एक प्रश्न विचारला नाही. गाडी दारात आणली. आई पायरीवरून उतरली आणि भरल्या गल्लीत, सगळ्यांच्या देखत, पाय पलीकडे टाकून बसली.

मोहल्ल्याने पाहिलं. दूधवाल्याने पाहिलं, पानवाल्याने पाहिलं, ओट्यावर बसलेल्या काकांनीही पाहिलं. दूधवाल्याने कॅन बाजूला घेतला. पानवाला म्हणाला, "माताजी को रास्ता दो भाई." बाकी कोणी काही म्हणालं नाही. एवढी वर्षं आम्ही ज्या लोकांना भ्यालो त्या लोकांना आमच्याकडे बघायला वेळच नव्हता.

मैदागिनवरून चौक बाजार, गोदौलिया, पुढे सोनारपुरा. खड्डा आला की आई माझा खांदा जरा घट्ट धरायची. सोनारपुऱ्याच्या पुढे समोरून तिरडी येताना दिसली. काशीत ते रोजचंच. बाजूला थांबायचं, हात जोडायचे, पुढे निघायचं. मी गाडी बाजूला घेतली, दोघींनी हात जोडले. मग मला तिरडीच्या मागे दादा दिसला, आणि त्याच्या बाजूला अण्णा.

ते हरिश्चंद्र घाटावरच्या स्मशानाकडे चालले होते. आपल्याकडे अर्ध्या वाटेवर विसाव्याला तिरडी खाली ठेवतात, तसा विसावा मागेच कुठेतरी झालेला असणार, कारण आता कोणी थांबणार नव्हतं. मावशीचा चेहरा झाकलेला होता. नुसती फुलं आणि पांढरं कापड आमच्या समोरून गेलं, इतक्या जवळून की आईने हात लांब केला असता तर लागला असता.

अण्णांनी आम्हाला पाहिलं. चालता चालता त्यांनी उजवा हात जरासा उचलला आणि बोटांनी खूण केली. मला वाटलं, थांबा म्हणताहेत. मग कळलं. ते आईला लुगडं खाली ओढायला सांगत होते. पाय झाक म्हणत होते.

आईने ती खूण पाहिली. तिने लुगड्याला हात लावला नाही. तिरडी वळून दिसेनाशी होईपर्यंत ती तशीच, दोन्हीकडे पाय टाकून, त्या दिशेला बघत बसली. बायकांनी स्मशानात जायचं नाही, ते आम्हाला कोणी सांगायची गरज नव्हती.

"घरी जायचं?" मी विचारलं.

"नाही. तिच्याकडे."

लंकेला पोचलो तेव्हा मावशीची जाऊ खोली धूत होती. जिथे मावशीला ठेवलं होतं तिथे जमिनीवर पीठ पसरून दिवा लावलेला होता. बाजूला तिची खाट, गादी गुंडाळलेली. आई गाडीवरून एकटी उतरली, कोणाचा हात न धरता आत गेली आणि दिव्यापाशी मांडी घालून बसली. कंबर दुखते असं म्हणाली नाही. मावशीच्या जावेने चहा आणून ठेवला, तो तसाच राहिला.

मग आईने मान वर करून मला विचारलं, "आपल्या घरापासून इथवर एवढंच अंतर आहे?"

मी हो म्हटलं.