मागच्या गेटची किल्ली

माझा स्वभाव संशयी आहे आणि मला त्याची लाज वाटत नाही. भाजीवाल्याचा काटा मी आधी रिकामा बघते, मगच त्यात वांगी टाकू देते. अशा बाईचा नवरा वर्षभरानं परदेशातून येतो आणि त्याच्या ट्रंकेत रुमालात गुंडाळलेलं पितळी कडं निघतं, तेव्हा तिला काय वाटणार?

हे सैन्यात होते. निळी टोपी घालून आफ्रिकेतल्या एका देशात शांतता राखायला गेले होते. तिथे दोन गट एकमेकांच्या जिवावर उठले होते आणि जगातल्या देशांनी ठराव करून मधे फौज उभी केली होती, एवढंच मला ठाऊक. कडं कुणाचं, असं विचारलं तर म्हणाले, तिथल्या एका बाईनं दिलं. पुढे अक्षर नाही. मला दिलं नाही, टाकूनही दिलं नाही. बाईसाहेबांचं मनगट फारच नाजूक दिसतंय, असं मी कित्येकदा टोचून पाहिलं. हे पेपरात डोकं घालायचे. कडं मी चिमटीत धरून पाहायची आणि परत रुमालात टाकायची. हातात घालून बघणं मला कमीपणाचं वाटे.

निवृत्तीनंतर आम्ही विश्रांतवाडीला फ्लॅट घेतला. सोसायटीच्या मागे वस्ती आहे. तिथली माणसं आमच्या मागच्या गेटमधून आळंदी रस्त्याच्या बसथांब्याकडे जातात, नाहीतर त्यांना नाल्याचा मोठा वळसा पडतो. यंदा पार्किंगमधून सायकली गेल्या. कोणी नेल्या ते कोणी पाहिलं नाही आणि मला पाहायची गरजही वाटली नाही. रविवारच्या मीटिंगमध्ये गेटला कुलूप लावायचा ठराव मीच मांडला. सगळ्यांनी हात वर केले. किल्ली अर्थातच फौजी माणसाकडे ठेवायची ठरली. सेक्रेटरींनी ती यांच्यापुढे धरली. हे उठले, जमणार नाही म्हणाले आणि चालू लागले.

चारचौघांत बायकोच्या ठरावाची ही किंमत? घरी येऊन मी चांगलं सुनावलं. परक्या बाईचं कडं जपता, आता वस्तीचा पुळका, भानगड काय आहे ते आज कळलंच पाहिजे.

"आमच्या छावणीच्या गेटवर आली होती ती," हे म्हणाले. "हाताला धरलेली पोरगी. मागे गोळीबार चाललेला. पोरीला तरी आत घ्या म्हणत होती. वरून परवानगी आल्याशिवाय कुणाला आत घ्यायचं नाही, असा हुकूम होता. एका गटाच्या माणसाला घेतलं की दुसरा म्हणणार, फौज त्यांना सामील आहे. मी वायरलेसवर विचारलं. सकाळी कळवतो म्हणाले. तिला वाटलं, मी लाच मागतोय. तिनं पोरीच्या हातातलं कडं काढून जाळीतून आत टाकलं."

"मग?"

"सकाळी परवानगी आली. बाहेर कोणी नव्हतं."

तरीही माझ्या मनात आलंच, की खरंच विचारलं होतं का वर? बायकोला गप्प करायला रचलेली गोष्ट तर नाही? यांना ते माझ्या चेहऱ्यावर दिसलं असावं.

"गेटची किल्ली माझ्याच खिशात होती," हे म्हणाले.

मी आत जाऊन रुमाल सोडला आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा कडं हातात घालायला गेले. बोटांच्या पेरांशीच ते अडकलं. काटा तपासून वांगी घेणाऱ्या मला हे साधं माप घ्यायचं सुचलं नव्हतं. ज्या बाईला मी नाजूक म्हणून हिणवत होते, ती आठ-दहा वर्षांची पोर होती. मला यांची कीव आली, रागही आला. तिथेही ठरावाला हात वर करणारे आपापल्या घरी गेले होते, आणि किल्ली यांच्या एकट्याच्या खिशात राहिली होती.

दुसऱ्या दिवशी मी सेक्रेटरींकडे जाऊन ठराव मागे घेते म्हटलं. ते माझ्याकडे संशयानं पाहत राहिले. गेट उघडंच आहे. संध्याकाळी वस्तीतल्या बायका पोरींना हाताला धरून तिथून जातात आणि मी गॅलरीतून प्रत्येकीवर नजर ठेवते. सायकलींसाठी, असं शेजारणीला सांगते. पण हल्ली माझी नजर आधी पोरींच्या मनगटांवर जाते.