खालचा सूर

व्हर्ना कोम्ब्सने ऑर्फामावशींच्या स्वयंपाकघरातल्या फ्रिजची पिन काढली आणि गाडीच्या किल्ल्या आत लोण्याच्या डबीशेजारी ठेवल्या. किल्ल्या घ्यायला फ्रिज उघडावाच लागतो, मग पिन पुन्हा लावायचीही आठवण होते. युक्ती नवऱ्याची. केंटकीच्या डोंगरांतली जुनी गाणी लोकांच्या स्वयंपाकघरांत बसून टेपवर घ्यायची आणि तबकड्या काढून विकायच्या, हा धंदाही दोघांनी मिळून सुरू केलेला. पुढे नवरा दुसऱ्या बाईबरोबर ओहायोला गेला. कंपनी व्हर्नाकडे राहिली. एकेचाळीस तबकड्या निघाल्या. खोकी ती एकटीच बांधते.

"माझा फ्रिज फार खुपतो गं तुला," खुर्चीतून ऑर्फामावशी म्हणाल्या.

व्हर्नाने हेडफोन चढवले. गेल्या ऑक्टोबरात मावशी आणि त्यांची बहीण लव्हेला याच टेबलाशी गायल्या होत्या. लव्हेला चाल म्हणायच्या, मावशी तिच्याखालचा सूर. ते गाणं या डोंगरात आणखी कुणाला येत नव्हतं. त्या दिवशी व्हर्ना पिन काढायला विसरली. घरी ऐकलं तर गाण्याखाली सगळी फ्रिजची घरघर. म्हाताऱ्या धडधाकट आहेत, वसंतात पुन्हा घेऊ, म्हणून तिने टेप पुसली. फेब्रुवारीत लव्हेला न्यूमोनियाने गेल्या. टेप पुसल्याचं तिने मावशींना अजून सांगितलं नव्हतं.

"मावशी, आज चालच म्हणा ना."

"चाल लव्हेलाची."

"पण येते तुम्हाला. सत्तर वर्षं ऐकलीत."

"शेजारणीचा नवरा रोज दिसतो, म्हणून आपला होतो का?" मावशी म्हणाल्या. मग व्हर्नाकडे बघून जरा ओशाळल्या. "चालू कर तुझं यंत्र."

पहिली ओळ लव्हेला एकट्या म्हणायच्या. मावशी ओठ मिटून टेबलावर बोटाने ठेका धरून बसल्या. दुसऱ्या ओळीला त्यांचा सूर आला, जाडाभरडा, सपाट. वरचं कापड गेलं आणि अस्तर तेवढं उरलं, तसं ते गाणं. सात कडवी झाली. सातही वेळा पहिली ओळ रिकामी गेली. घरघर कुठेच नव्हती.

"आलं नीट?"

"स्वच्छ आलं."

"मग आता लव्हेलाचं ते आधीचं आणि हे जोड. म्हणून तर जागा सोडल्या मी."

व्हर्नाने हेडफोन काढून मांडीवर ठेवले.

"ती टेप नाही, मावशी. मी पुसली."

"का?"

"फ्रिजचा आवाज आला होता."

मावशींनी टेबलावरच्या मेणकापडाची सुरकुती बोटाने सपाट केली.

"लाव तो फ्रिज परत," त्या म्हणाल्या. "ती गेल्यापासून घरात तेवढाच आवाज असतो."

व्हर्नाने पिन लावली, गार किल्ल्या उचलल्या, वायरी गुंडाळल्या. चुलीवर घेवड्याचं पातेलं होतं, फडक्याखाली मक्याचा पाव. जेवल्याशिवाय मावशींनी तिला आजवर कधी सोडलं नव्हतं. दाराशी ती उगाच थांबली, कोटाची बटणं एकेक करून लावली. मागून जेवायची हाक आली नाही.